बाघच्या चुनखडकातले शिंपले: तिथे समुद्र होता?

खानदेशी_भटक्या: नमस्कार मंडळी. धार जिल्ह्यातली बाघ लेणी बघून परतताना ओढ्याकाठी पांढुरका, गाठीगाठींचा दगड दिसला. त्यात शिंपले आणि तळहाताएवढं एक वेटोळं. सह्याद्रीच्या काळ्या कातळात असलं कधी दिसलं नाही. इतक्या आत समुद्र कसा? लेण्यांचा दगडही समुद्रातलाच का?

नर्मदाकाठ: लेणी निमाड वालुकाश्मात कोरली आहेत, तो सगळ्यात खालचा. त्यातली बरीच वाळू नद्यांनी आणलेली, पण माथ्याकडे कालवांचा पट्टा लागतो. तिथे समुद्र पोचला. साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी जगभरच समुद्राची पातळी खूप चढली होती. पश्चिमेकडून नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून पाणी आत शिरलं.

त्यावर तुमचा गाठींचा चुनखडक. तळाच्या गाळात प्राण्यांनी बिळं करकरून तो पार उकरून टाकलाय, गाठी पडण्यात त्याचा मोठा वाटा. वेटोळं अमोनाईटचं, म्हणजे माखलीच्या नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचं कवच; बहुधा त्यातला प्लॅसेंटिसेरास हा प्रकार. सोबत सी-अर्चिन, म्हणजे काटेरी गोल समुद्री प्राणीही मिळतात.

मग थोडा मार्ल, म्हणजे चुनामिश्रित चिखलाचा दगड, आणि त्यावर माझा सर्वात लाडका थर: कोरलाईन चुनखडक. नावावर जाऊन प्रवाळ शोधू नका, तो ब्रायोझोआंच्या, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या जलचरांच्या तुकड्यांनी खच्चून भरलाय. भिंगातून बारीक छिद्रांच्या काड्या दिसतात. त्याचे पदर तिरपे आहेत, म्हणजे पाणी उथळ आणि प्रवाह जोराचा. खालच्या थरात चिखलात राहणारे, इथे वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून खाणारे. तळ बदलला तशी वस्तीच बदलली!

खानदेशी_भटक्या: भारीच! मग आपल्याकडे का नाही?

नर्मदाकाठ: आपला बेसॉल्ट म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. तोवर बाघचा समुद्र कधीच ओसरला होता. मधल्या काळातल्या लामेटा नावाच्या गाळाच्या थरांत तर डायनासोरची अंडी सापडतात.

दगडू_पुणे: एक कळकळीची विनंती. वेटोळं उचलून आणू नका. तिथे डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे. आणि थरातून सुटलेला अमोनाईट निम्मी माहिती गमावतो. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मग दोन पावलं मागे येऊन वरखालच्या थरांसकट आणखी एक. आसपास कालवं आहेत की अर्चिन, शिंपले जोडीने मिटलेले की फुटके, तेही लिहा. ओढ्यात गडगडत आलेल्या धोंड्याचा असेल तर तसं नमूद करा. फोटो इथेच टाका, बघून सांगतो.