शनिवारच्या पूजेचं दूध

मंजिरी, ए-१०३: शनिवारी १० वाजता क्लबहाऊसमध्ये सत्यनारायण. शिरा घरचाच. पंचामृताला ५ लिटर दूध संदीप आणतोय, त्याच्या नेहमीच्या गोठ्यातून.

संदीप, बी-५०१: गीर गाईचं. पहाटेची धार, साडेसहाला गेटवर. तापवायचं नाही हं कुणी, धारोष्ण दुधाची मजाच जाते 🙏

सुनंदा काकू, बी-२०२: संदीप, तापवूनच घे रे बाबा.

संदीप, बी-५०१: काकू, पंचामृतात तापवलेलं दूध? आमचे आजोबा रोज गाईखाली तांब्या धरायचे. ८८ वर्षं जगले.

सुनंदा काकू, बी-२०२: माझा धाकटा दीर ४३ चा आहे आणि सहा महिने त्याला जिना चढवत नव्हता. सांगते, जरा लांब होईल. ते लोक जतकडे असतात, दोन म्हशी, सात-आठ शेळ्या. गेल्या दिवाळीत त्याने कंबर धरली. संध्याकाळी ताप यायचा, रात्री बनियन पिळून काढावी इतका घाम, सकाळी माणूस परत गोठ्यात. आधी म्हणाले चिकुनगुनिया. मग वात. तेल लावलं, वाळूचा शेक दिला, दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बिघडलं. शेवटी एमआरआय केला तर मणका सुजलेला. टीबी म्हणून औषध सुरू झालं, थोडं बरंही वाटलं, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण औषध चालू असूनच ताप पुन्हा आला. मग मिरजेला एका डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का, कुणी गाभडलं, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पिल्लू पडलं होतं का? म्हैस गाभडली होती, भाद्रपदात, आठव्या महिन्यात. वार अडकली म्हणून ह्यानेच उघड्या हाताने ओढून काढलेली. आणि शेळीचं दूध तर तो तसंच प्यायचा. चार महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं!

मंजिरी, ए-१०३: बाप रे. मग निघालं काय?

सुनंदा काकू, बी-२०२: ब्रुसेला. ब्रुसेल्लोसिस म्हणतात त्याला.

जोशी, सी-६०३: नाव पहिल्यांदाच ऐकतोय.

डॉ. शीतल, सी-२०४: ओपीडीतून लिहितेय, थोडक्यात. हा जंतू रक्तातून प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा, सांधे कुठेही जातो आणि ज्या पेशींनी त्याला खायचं त्यांच्याच आत लपून बसतो. म्हणून ताप येतो-जातो आणि औषध लांबवावं लागतं. तरुणांत खुबा, गुडघा, माकडहाडाजवळचा सांधा. वय वाढलं की कंबरेचे मणके. फोटोत टीबीसारखंच दिसू शकतं. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, त्यामुळे काकूंच्या दिरांना मध्ये बरं वाटलं असणार. खरा कोर्स दोन औषधांचा, किमान ६ आठवडे. मणक्यात असेल तर आणखी लांब. एकच औषध घेतलं किंवा मध्येच सोडलं की उलटतो. तपासणी रक्ताची, पण डॉक्टरच्या मनात आलं तरच लिहिली जाते. तेव्हा ताप आणि सांधे एकत्र दुखत असतील तर गावाकडचा गोठा, कच्चं दूध, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

रोहित, ए-४०४: आमच्या बोक्याने मागे बोट चावलं होतं, सांधा टम्म सुजला. तेही हेच का?

डॉ. शीतल, सी-२०४: नाही, ते वेगळे जंतू, मांजराच्या तोंडातले. बोटाच्या सांध्यावर दात रुतला तर दिवसभरात सूज येते. हळद लावून बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि रेबीजचं विचारायचं ते वेगळंच. निघते, पेशंट आहे.

नेने काका, ए-२०१: मी ३१ वर्षं सरकारी पशुवैद्यक होतो, तेव्हा माझीही भर. आमच्याकडे ह्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय वरून धडधाकट दिसते, दूध देते. गाभडते ती शेवटच्या तीन महिन्यांत, वार अडकते, आणि त्या वारेत जंतू खच्चून भरलेले. पुढच्या खेपेला ती नीट वितेसुद्धा, पण दुधातून जंतू टाकत राहू शकते. संदीपराव, इथे फसगत होते. आजोबांची गाय घरच्याच गाईची कालवड असेल. आजचा गोठेवाला बाजारातून जनावरं आणतो. गाभडलेली गाय बाजारात येते, ती काय पाटी लावून येते?

नेने काका, ए-२०१: माल्टा बेटावर इंग्रजांचे सैनिक ह्याच तापाने पडायचे. डेव्हिड ब्रूसने १८८७ साली जंतू शोधला, पण येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये तिथल्याच झामिट नावाच्या डॉक्टरला तो शेळ्यांत सापडला. शेळ्या चांगल्या टुकटुकीत! पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप धाडकन उतरला.

संदीप, बी-५०१: काका, पण आमच्या गोठ्यात लसीकरण होतं. विचारलंय मी.

नेने काका, ए-२०१: कुठलं? ब्रुसेलाची लस फक्त कालवडी-पारड्यांना, ४ ते ८ महिन्यांच्या असताना, आयुष्यात एकदाच. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट देतात. लस जिवंत जंतूंची असते, टोचताना सुई आपल्यालाच लागली तर आपणच आजारी. माझ्या एका सहकाऱ्याचा गुडघा त्यातच गेला दोन महिने.

जोशी, सी-६०३: मंजिरीताई, मग पंचामृताचं काय? आत दही, मध आहेच की, जंतू मरत नाहीत का त्याने?

नेने काका, ए-२०१: त्यावर भरवसा नको. उकळी आली की मात्र खेळ खलास. दूध तापवून, गार करून घ्या. आमच्या घरी चाळीस वर्षं तसंच करतो, सत्यनारायणाने कधी तक्रार केली नाही.

सुनंदा काकू, बी-२०२: 😄

मंजिरी, ए-१०३: तापवलेलंच घेऊ. साडेसहाला आलं की माझ्याकडे पाठवा, मी लगेच उकळून गार करून ठेवते. संदीप, चालेल ना?

संदीप, बी-५०१: चालेल. पण एवढं ऐकल्यावर रोजचं दूध पण डोक्यात आलं. पोरगी पेलाभर कच्चंच पिते. गोठेवाल्याकडून लसीचा कागद मागवला, हा बघा. [फोटो]

नेने काका, ए-२०१: झूम करून पाहिला. हा लाळ-खुरकुताचा आहे, ब्रुसेलाचा नाही.

संदीप, बी-५०१: 😐

संदीप, बी-५०१: उद्यापासून पातेलं गॅसवर. मंजिरीताई, पूजेला तुमच्याकडचंच मोठं पातेलं काढा, आमच्यात ५ लिटर मावणार नाही.