कीवर्ड, लेबल, कलेक्शन: मराठीत काय म्हणायचं?

फोटोवाला: स्टुडिओत नवीन पोरं आल्यात, त्यांना लाइटरूम क्लासिक, म्हणजे फोटो निवडायचं-लावून ठेवायचं सॉफ्टवेअर, शिकवतोय. कलेक्शनला मी संग्रह म्हणून सांगितलं, तर एकानं जोतिबाच्या चैत्र यात्रेचा संग्रह केला आणि म्हणतोय आता मूळ फोल्डर उडवू का, जागा मोकळी हुईल! दुसरा शब्द सुचवा राव.

पेठेतला: चूक पोराची नाही. संग्रह म्हटलं की वस्तू उचलून एका जागी आणून ठेवल्यागत वाटतं. कलेक्शनमध्ये फोटो नसतोच, फोल्डरात कुठं आहे तेवढी नोंद असते, म्हणून सासनकाठीचा एकच फोटो चार कलेक्शनमध्ये घातला तरी हार्डडिस्कवर एकदाच असतो. सरळ यादी म्हणा की. लग्नाची पार्टी अल्बमसाठी नंबर लिहून देते त्याला आपण यादीच म्हणतो. स्मार्ट कलेक्शन म्हणजे आपोआप भरणारी यादी, पाच स्टारचा नियम लावला तर स्टार दिला की फोटो आत, काढला की बाहेर.

वाडीकर: यादी पटलं. कीवर्डला मात्र बीजशब्द वगैरे नको, परीक्षेला बसल्यागत वाटतं. मी खूणशब्द म्हणतो. कीवर्ड म्हणजे फोटो शोधायला लावलेला शब्द, फोटोच्या अंगावरचं गोंदणच, कंट्रोल एस मारलं की जेपेगच्या आतच लिहिला जातो, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल असेल तर शेजारच्या एक्सएमपी नावाच्या नोंदीच्या फाइलीत, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरात उघडला तरी सोबत जातो. यादीचं तसं नाही, ती कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीतच राहते, कॅटलॉग गेला की यादी गेली. आणि पोरांना एकच स्पेलिंग पाठ करायला लावा, एकानं जोतिबा लिहायचं दुसऱ्यानं ज्योतिबा, मग शोधताना निम्मी यात्रा गायब. सिनॉनिम टाकायची सोय आहे, पण कोण टाकतंय?

फोटोवाला: खूणशब्द झ्याक हाय. मग फोटोला रंग देतो त्या लेबलला रंगखूण म्हणू का?

पेठेतला: नको, लेबलच ऱ्हाऊ दे, औषधाच्या बाटलीपासून आपण लेबलच म्हणतोय. शिवाय रंगखूण म्हटलं तर फसाल, कारण फाइलीत रंग जात नाही, त्या रंगाला दिलेलं नाव जातं. आमच्यात लाल लेबलचं नाव बदलून "अल्बम" केलेलं, तेच फोटो दुसऱ्या पीसीवर घेतले तर तिथं त्या नावाचं लेबलच नाही, सगळी लेबलं पांढरी दिसायला लागली. काम अडलं ते अडलंच, वर गिऱ्हाईक दारात.

वाडीकर: हे म्हाईत नव्हतं. आम्ही सहा ते नऊ आकडे दाबून लाल पिवळा हिरवा निळा मारत सुटतो, जांभळ्याला तर आकडाच नाही.

फोटोवाला: फ्लॅगचं, म्हणजे फोटो ठेवायचा का नाही त्या झेंड्याचं, काय करू? पिकला "घेतला" म्हणतो, रिजेक्टला अडतंय.

पेठेतला: बाद म्हणा. एक्स दाबलं की बाद, पण फोटो आहे तिथंच असतो. डिस्कवरनं घालवायला कंट्रोल बॅकस्पेस वेगळं मारायला लागतं, आणि ते बटण पोरांना एवढ्यात दाखवू नका.