विदेशी साप-सरड्यांचे कायदे: लहान पैदासकाराचाच बळी का?

कातवाला:
बॉल पायथन या पाळीव अजगराची मादी अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. मग एका खेपेला चार-सहा अंडी. ती इन्क्युबेटरमध्ये 31-32 अंशांवर ठेवायची आणि पुढचे 55-60 दिवस सारखं झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. म्हणजे आज पिल्लू आणलं तर त्यातून पहिला पैसा दिसेपर्यंत चौथं वर्ष उजाडतं. बंदी घातलेल्या प्राण्यांची यादी बदलायला मात्र एक अधिसूचना पुरते. विक्री थांबते, भूक थांबत नाही. कापडवाल्याचा माल पडून राहिला तर तो सेल लावतो. माझा माल वीस-वीस वर्षं जगतो आणि खायला उंदीर मागतो.

फ्लोरिडात 2021 साली 16 प्रजातींवर बंदी आली. टेगू आणि हिरवा इग्वाना या मोठ्या सरड्यांची व्यावसायिक पैदास करणाऱ्यांना गाशा गुंडाळायला 2024च्या जूनपर्यंत मुदत दिली. कागदावर उदार वाटते. पण ज्याची बंदी जाहीर झाली आहे ते जनावर त्या तीन वर्षांत विकत कोण घेणार?

दलदल:
फ्लोरिडाचं नाव काढलंतच, तर पुरतं काढा. तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मी अजगर आकाशातून पडले नाहीत, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातूनच आले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रात्री रस्त्यांवर दिसणारे रॅकून (मांजराएवढे सस्तन प्राणी) 99 टक्क्यांहून जास्त घटलेले आढळले. टेगू तर मगरी-कासवांची अंडी फस्त करतात. तुमच्या चौथ्या वर्षाच्या कमाईसाठी हे सगळं पणाला लावायचं? नुकसान सगळ्यांचं, नफा तुमचा, असा हिशेब चालत नाही.

कातवाला:
बर्मी अजगराबद्दल मी वाद घालतच नाही. बंदीची कड कुठे संपते, हा माझा प्रश्न आहे. 2015 साली अमेरिकी केंद्र सरकारने रेटिक्युलेटेड पायथन आणि तीन जातींचे ॲनाकोंडा 'घातक' यादीत घातले आणि राज्याची हद्द ओलांडून ते नेणं बंद केलं. फ्लोरिडाच्या दलदलीत जगेल ते अलास्काच्या बर्फात जगतं का? पैदासकारांची संघटना कोर्टात गेली. अपिलाच्या कोर्टाने 2017 साली सांगितलं की मुख्य भूमीवरच्या राज्या-राज्यांत वाहतूक रोखायचा अधिकार त्या यादीमागच्या कायद्यात नाहीच. छान, जिंकलो! पण ज्याच्याकडे पाचच माद्या होत्या, त्याने तोवर निकालाची वाट बघत बसायचं कशाच्या जिवावर?

एकओळ:
मुळात साप पाळायचाच कशाला? कुत्रं पाळा, सुखी व्हा.

थंडरक्त:
@एकओळ, हा प्रयोग नॉर्वेने करून झालाय. तिथे 1977पासून सरपटणारे प्राणी पाळायला बंदी होती. लोक तरीही पाळत होतेच, फक्त चोरून. आता चोरून पाळलेली पाल आजारी पडली तर डॉक्टरकडे नेणार कशी? शेवटी 2017 साली 19 प्रजातींची यादी करून त्या खुल्या केल्या. त्यात कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप आहे, बिअर्डेड ड्रॅगन हा सरडाही आहे. मला ही पद्धत पटते. यादी छोटी असली तरी हरकत नाही, ती दर वर्षी हलता कामा नये.

पण कातवाला, तुमच्या लोकांनाही दोन शब्द. स्पायडर मॉर्फची, म्हणजे बॉल पायथनच्या एका खास नक्षीच्या वाणाची, पिल्लं डोकं गरगरवतात, भक्ष्यावर झेपावताना नेम चुकतो. त्या नक्षीबरोबर कानाच्या आतल्या भागाचा दोष येतो हे माहीत असून पैदास चालूच! नक्षी सुंदर आहे म्हणून? अशांवर कायदा आला तर मी टाळ्या वाजवीन.

कातवाला:
स्पायडर मी करत नाही. जे करतात त्यांची बाजूही घेणार नाही.

नोंदवही:
सगळे बंदीवरच बोलताहेत. खरा घोळ 'बंदिवासात जन्मलेला' या शिक्क्यात आहे. इंडोनेशियातून ग्रीन ट्री पायथन असा शिक्का मारून निर्यात व्हायचे. 2011च्या एका अभ्यासात त्यातले निदान 80 टक्के जंगलातून धरलेले निघाले. असल्या मालाशी खोलीत अंडी उबवणाऱ्याने दरात टक्कर द्यायची कशी? तीन वर्षं पोसायचा खर्च त्यांना नाहीच. म्हणून म्हणतो, कडक तपासणी तुमच्या पोटावर येत नाही, तुमचं पोट लुटणाऱ्यावर येते. त्याच अभ्यासकांनी एक साधा उपाय सुचवला होता: प्रत्येक पिल्लामागे अंड्याचं टरफल जपून दाखवायचं. अंडं जंगलात फुटलं तर टरफल आणणार कुठून?

दलदल:
टरफलाने चोरी पकडली जाईल, पण मालकाने कंटाळून सोडून दिलेला साप नाही. त्याचं काय? माझ्या मते विकतानाच कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप हवी, आणि नको झालेलं जनावर परत घ्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर.

कातवाला:
परत घ्यायला मी तयार आहे, आजवर तीन घेतलेत. चिपलाही ना नाही, फक्त हातभर पिल्लाला टोचायची घाई नको, जरा वाढू द्या. आणि टरफलाची कल्पना तर झकासच. चामड्यासारखी असतात, वाळवून पाकिटात घातली की झालं. या खेपेपासून तारीख आणि मादीचा नंबर टाकून ठेवतो.

फक्त तपासायला येणाऱ्याला ती ओळखता आली पाहिजेत. मागच्या तपासणीला आलेले साहेब कॉर्न स्नेक बघून दारातच थबकले. "विषारी आहे ना हो?" मी नाही म्हटलं तरी आत पाऊल टाकलं नाही. खोलीत एकूण किती जनावरं आहेत, तेही मलाच विचारलं, तिथेच उभ्या उभ्या सही केली आणि गेले.