स्वतःच्या अनुभवावरचा अहिराणी अल्बम घरीच रेकॉर्ड करायचा आहे

तापीकाठ, अमळनेर:
सुरतेला कामाला जाणाऱ्या घरावरची सहा गाणी तयार आहेत. शब्द-चाल माझीच; गळा, गिटार, ढोलकी. पत्र्याच्या खोलीत आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बहिणाबाईंच्या चार ओळी मध्ये घेतल्या तर चालतील?

खान्देशी कान:
भाऊ, माईकमागे फोम लावून भागत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. पाठीमागची आधी, कारण कार्डिऑइड माईकचं (समोरचाच आवाज जास्त घेणाऱ्या) तोंड तिकडेच असतं. माईक वीतभर लांब. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा सूर रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास. लाल दिवा लागला तर आवाज फाटला समजा, मिक्सिंगमध्ये तो नीट सुधरत नाही. कूलर बंद! गोंगाट तर होतोच, दमट हवेनं ढोलकीची पुडी सैल पडून सूरही उतरतो.

तापीकाठ:
सगळं एकदम वाजवलं तर? जीव राहतो गाण्यात.

खान्देशी कान:
राहतो, पण ढोलकी गळ्याच्या माईकमध्ये शिरते. मग एकच बेसूर ओळ बदलायची सोय उरत नाही. ढोलकी क्लिकवर (हेडफोनमधल्या टिक-टिक ठेक्यावर) आधी घ्या, गिटार-गळा नंतर एकत्र.

केळीबाग, रावेर:
बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ चं. कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत संपली. शब्द घ्या, श्रेय द्या. कुणी नंतर बांधलेली चाल मात्र उचलू नका, तिचे हक्क वेगळे. रॉयल्टीसाठी गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या. आणि गाण्यात गावातल्या कुणाचं खरं नाव असेल तर आधी विचारा, नाहीतर बदला.