मदत हवी आहे: भाजणीच्या लेबलावर हस्ताक्षरी टंक (फॉन्ट) कुठवर वापरावा?

नमस्कार.

आई दरवर्षी दिवाळीपूर्वी चकलीची आणि थालीपिठाची भाजणी करून विकते. आतापर्यंत पिशव्यांवरची नावे ती स्वतःच पेनाने लिहीत असे. यंदा लेबले छापून घ्यायची आहेत, मात्र ती घरगुतीच वाटली पाहिजेत असा तिचा आग्रह आहे. पहिला नमुना मी 'मंगल'मध्ये काढला. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडवलेला तो टंक आपल्या जागी उत्तमच आहे, पण भाजणीच्या पिशवीवर तो परिपत्रकासारखा दिसू लागला. म्हणून इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' घेतला. त्याचा परवाना मुक्त असल्यामुळे व्यावसायिक वापराला अडचण नाही, तो लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाडींत मिळतो आणि भरभर लिहिल्यासारखे त्याचे वळण आईला पाहताक्षणी आवडले.

अडचण मोठ्या अक्षरांत आली. 'चकलीची' या शब्दात दोन च आहेत आणि ते तंतोतंत सारखे असल्यामुळे हे हस्ताक्षर नव्हे, हे लगेच उघडे पडते. आईच्या जुन्या पिशवीवर पहिला च चांगला फुगलेला आहे, तर दुसरा, कडेला जागा संपत आल्यामुळे, आखडलेला आहे. अक्षरांमधले अंतर वाढवून पाहिले, तर शिरोरेषाच तुटली. आता शब्द कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे बदलता येतील अशा रेषाकृतींत रूपांतर करून, दुसरा च आणि त्याची वेलांटी हाताने थोडी बदलावी, असा विचार आहे. असे करताना शिरोरेषेचा सांधा बिघडू नये म्हणून आपण काय काळजी घेता?

दुसरा प्रश्न घटक पदार्थांच्या यादीचा आहे. खाकी कागदावर 7 पॉइंटात लाइट जाडीने छापल्यावर 'तांदूळ'वरचा अनुस्वार जवळजवळ दिसेनासा झाला, आणि बोल्ड वापरल्यावर शाई पसरून ध वरची फट बुजली व 'धणे'चे 'घणे' झाले. (आईने ते मोठ्याने वाचून दाखवले, हे वेगळे सांगायला नको.) त्यामुळे घटक, वजन आणि तारीख 'एक टाइप' या संस्थेच्या 'मुक्ता' टंकामध्ये घ्यावी आणि 'कलम' केवळ नावापुरता ठेवावा, असे माझे मत झाले आहे. मात्र 'मुक्ता'च्या सात जाडींपैकी कोणती जाडी 'कलम'च्या रेग्युलरशेजारी उपरी वाटणार नाही, हे ठरवता येत नाही.

आईचेच अक्षर स्कॅन करा, असे कोणी सुचवण्यापूर्वी सांगतो की तिला ते दोनदा विचारून झाले आहे. आपले अक्षर छापण्याजोगे नाही, यावर ती ठाम आहे. छापखान्याला सोमवारी फाइल द्यायची आहे, तेव्हा खाकी कागदावर असे काम केलेल्यांनी आपला अनुभव त्याआधी कळवल्यास आभारी राहीन.