जुन्या गाडीतील लायटरचे सॉकेट बंद पडले आहे

प्रश्न: नमस्कार. माझ्या वीस वर्षे जुन्या गाडीत सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोबाईल चार्ज करतो; परवा जळगावहून धुळ्याला जाताना, पारोळ्याच्या पुढे, चार्जर बंद पडला आणि त्याच क्षणी टेपही मुका झाला. दोष कुठे शोधावा?

उत्तर १: भाऊ, दोन्ही एकदम गेले म्हणजे त्यांचा फ्यूज बहुधा एकच असून तो उडाला आहे. फ्यूजपेटीच्या झाकणावरील तक्ता पाहून तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. जास्त क्षमतेचा बसवल्यास फ्यूजऐवजी वायर जळते.

उत्तर २: त्याआधी सॉकेटमध्ये बॅटरीचा उजेड पाडून पाहावे. तळाचा मधला ठिपका धन आणि भोवतालची धातूची भिंत ऋण असल्यामुळे दोहोंना टेकलेली कोणतीही धातूची वस्तू शॉर्टसर्किट करते, आणि नवा फ्यूजही लगेच उडतो. माझ्या गाडीत चार आण्यांचे नाणे निघाले होते, तेही काळे पडलेले! गाडीच्या बॅटरीची ऋण वायर सोडवूनच, लाकडी काडीने ते काढावे.

प्रश्नकर्ता: चॉकलेटचा चंदेरी कागद निघाला, नातवाचा प्रताप. फ्यूज बदलला, टेपही वाजू लागला. आभारी आहे.