बाबांना पहिली हर्लिंग मॅच कुठली दाखवू?

मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबा पहिल्यांदाच इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला येतायत. बाबा जन्मभर कबड्डी-खोखोचे वेडे. बघायला हर्लिंगइतका (काठ्यांनी चेंडू मारायचा इथला मैदानी खेळ) थरारक खेळ दुसरा नाही, हे माझं ठाम मत, आणि ते त्यांना टीव्हीवर पटणार नाही. तिथे चेंडू दिसतच नाही. 2024 ची ऑल-आयर्लंड फायनल क्लेअर काउंटीच्या संघानं कॉर्कविरुद्ध जादा वेळेत एका गुणानं जिंकली. 2025 च्या फायनलला तर मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असलेल्या कॉर्कच्या संघाला दुसऱ्या सत्रात फक्त दोन गुण!

परवा क्लबच्या मैदानाच्या कडेला उभी होते. दोन काठ्या खाडकन एकमेकींवर आदळल्या, मान वळवेपर्यंत चेंडू गोलच्या आडव्या बारवरून पार.

तर क्रोक पार्क (डब्लिनचं मोठं स्टेडियम) की गावातली क्लब मॅच? बाबांचे गुडघे दुखतात, बसायला जागा हवी. आई-बाबांना कुणी नेलंय का? सांगा ना.